श्वासाची वाट आणि साधनाची कसोटी



शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर शल्यविशारद उभा राहतो. रुग्ण बरा होऊन घरी आला की कुटुंबीय त्याचेच नाव घेतात आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या डोक्याशी आणखी एक व्यक्ती उभी असते. रुग्णाचा श्वास तिच्या हाती असतो. तिचे काम निर्वेधपणे पार पडले तर तिचे नावही कुणाला आठवत नाही, आणि ते बिघडले तर मात्र शल्यविशारदाचे सारे कौशल्य व्यर्थ ठरते. ही व्यक्ती म्हणजे भूलतज्ज्ञ. तिच्या कामातील सर्वांत अवघड क्षण आणि त्या क्षणासाठी लागणारे साधन हा आजचा विषय आहे.

जिते गावात या विषयाचा विचार करण्याला विशेष औचित्य आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावरील हे स्थानक, जवळून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि शेजारी हमरापूर, जोहे, कळवे ही गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ख्यातकीर्त असलेली गावे. महामार्गावरील अपघातात जबडा, मान वा चेहरा जायबंदी झालेला माणूस हा श्वासमार्गाच्या दृष्टीने अतिशय बिकट रुग्ण असतो. आणि मूळ मूर्ती घडविणे, तिच्यावरून साचा काढणे, साच्यातून आलेल्या मूर्तीचे दोष हेरून पुन्हा साचा सुधारणे हे जे काम या परिसरात पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे, तेच वैद्यकीय साधनाच्या निर्मितीचेही मर्म आहे. ही केवळ उपमा नव्हे. या शास्त्राच्या इतिहासात ती अक्षरश: खरी ठरली आहे.

काही क्षणांचा खेळ

पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकून घसा बुजवू लागते आणि श्वासोच्छ्वास मंदावतो किंवा थांबतो. अशा वेळी तोंडातून एक लवचिक नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत सरकवावी लागते. हेच इंट्युबेशन. वाट अरुंद असते. लगेच मागे अन्ननलिकेचे द्वार असते आणि नळी चुकून तेथे गेली तर हवा फुप्फुसांऐवजी पोटात जाते. साधी हवा घेणाऱ्या निरोगी माणसाचा श्वास थांबला तर एक-दोन मिनिटांतच रक्तातील प्राणवायू घसरू लागतो. आधी सुमारे तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला तर ही मुदत बरीच वाढते. म्हणून भूल देण्यापूर्वी नाकातोंडावर मुखवटा धरतात. स्थूल व्यक्ती, गर्भवती आणि लहान मुले यांच्या बाबतीत मात्र ही मुदत मुळातच अल्प असते.

बहुसंख्य रुग्णांत हे काम अल्पावधीत होते. काहींच्या बाबतीत मात्र ही वाट बिकट असते. कुणाची हनुवटी आत असते, कुणाची मान वाकत नाही, कुणाच्या घशात गाठ असते, कुणी भाजलेला असतो. आपल्या देशात यात आणखी एका कारणाची भर पडली आहे, ती म्हणजे सुपारी आणि गुटखा. सुपारीच्या सततच्या चघळण्याने तोंडातील आतल्या आवरणाखाली तंतू साचत जातात, गाल ताठर होतात आणि तोंड उघडेनासे होते. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये आढळलेल्या या विकाराचे वर्णन १९५२ साली झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरीही सुपारी-तंबाखूचे मिश्रण तरुणांच्या खिशातून गेलेले नाही. स्वत:ची तीन बोटे उभी धरून दातांच्या मधून जातात का, हे घरी कुणालाही पाहता येते. जात नसतील तर ती केवळ दंतवैद्याने पाहण्याची बाब नाही. उद्या अपघात झाला किंवा आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करावी लागली तर त्याच माणसाचा श्वास अडणार आहे.

साधने कशी जन्मली

श्वासमार्गाच्या साधनांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जिवंत माणसाचे स्वरयंत्र आरशात पाहण्याची पद्धत एका गायनशिक्षकाने रूढ केली. मॅन्युएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वत:चेच स्वरतंतू पाहिले आणि १८५५ साली ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकवेन यांनी १८७८ मध्ये घसा न कापता तोंडातून नळी घालून भूल दिली. १९४३ साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वक्र पात्याचा लॅरिंगोस्कोप जगापुढे ठेवला. आज आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातही जे पाते दिसते ते मूलत: तेच आहे.

या परंपरेत आपल्याकडची नावेही आहेत. आंध्रातील गुंटूरमधून वैद्यकीय शिक्षण घेऊन बोस्टनला गेलेले डॉ. शेषगिरी राव मल्लमपट्टी यांनी एक साधा प्रश्न विचारला. रुग्णाने बसून तोंड उघडले आणि जीभ बाहेर काढली तर मागे काय दिसते? पडजीभ दिसते की जिभेआड झाकली जाते? २१० रुग्णांची तपासणी करून त्यांनी १९८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगातील प्रत्येक भूलतज्ज्ञ ही तपासणी त्यांच्याच नावाने ओळखतो. अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे व्ही. यू. पाटील आणि सहकाऱ्यांनी हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचे अंतर मोजण्याची पद्धत रूढ केली. हे अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर सावध व्हावे, असा तिचा आशय. दुर्बीण आत सरकवताना रुग्णाला प्राणवायू देत राहता यावा यासाठी केलेला मुखवटा आणि कोन बदलता येणारी लॅरिंगोस्कोपची मूठ यांनाही ‘पाटील-सिरॅक्यूज’ हेच नाव मिळाले. या दोघांच्या परीक्षांना कुठलेही यंत्र लागत नाही. दृष्टी आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागते. अडचण नेमकी कुठे आहे, हे आधी ओळखणे हीच साधननिर्मितीची पहिली पायरी होय.

दुसरे उदाहरण हमरापूरच्या कारागिरांना विशेष जवळचे वाटेल. इंग्लंडचे भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांच्या मनात असे आले की, नळी श्वासनलिकेत घालण्याऐवजी स्वरयंत्राच्या मुखावरच नेमका बसणारा एखादा लहान मुखवटा का करू नये? त्यासाठी घशाच्या आतील पोकळीचा अचूक आकार कळणे आवश्यक होते. त्यांनी मृतदेहांच्या घशांचे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे ठसे घेतले. त्यातून होडीसारखा आकार हाती आला आणि दंतवैद्यकातील जुन्या रबरी मुखवट्याचे भाग जोडून त्यांनी पहिले नमुने स्वत:च्या हातांनी बनविले. १९८१ साली पहिला वापर झाला, १९८३ साली शोधनिबंध आला आणि बाजारात साधन आले ते १९८८ मध्ये. मधल्या सात वर्षांत असंख्य नमुने झाले, मोडले, पुन्हा झाले. हे साधन पुढे जगभरातील शस्त्रक्रियागृहांत पोहोचले. त्याचा उगम प्लॅस्टरच्या ठशात आहे.

पुतळ्यावरची परीक्षा आणि तिची मर्यादा

साधन बनले की त्याची परीक्षा कोणावर करायची? थेट आजारी माणसावर करणे हे पाप ठरेल. म्हणून पहिली परीक्षा कार्यशाळेत होते. पाते किती भाराला वाकते, दिवा किती तापतो, निर्जंतुकीकरणाच्या किती फेऱ्यांनंतर प्लॅस्टिकला तडे जातात, नळीची जोडणी ठरलेल्या १५ मिलिमीटर मापात घट्ट बसते का, हे सारे तेथे पाहावे लागते. जे द्रव्य शरीराच्या ओल्या आवरणाला स्पर्श करणार ते दाह करीत नाही ना, याचीही स्वतंत्र चाचणी असते.

दुसरी परीक्षा पुतळ्यावर होते. नॉर्वेतील आसमुंड लेर्डाल हे मूलत: खेळणी बनविणारे कारखानदार. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या व मोटारी घडविणारे त्यांचे कसब पाहून वैद्यकांनी त्यांच्याकडे कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी मानवी पुतळा मागितला आणि १९६० साली तो तयार झाला. आज जगभर विद्यार्थी अशा पुतळ्यांवर हात बसवतात. पेणच्या कारखान्यांत ज्यांनी रबरी साच्यांतून नाक-ओठांची नजाकत उतरविली आहे, त्यांच्या हातांना हे काम अपरिचित वाटणार नाही. भारतीय जबड्याच्या मापाचे, तोंड कमी उघडणारे, मान न वळणारे सरावाचे पुतळे आपल्याकडे परवडणाऱ्या दरात बनू शकले तर ती मोठीच सोय होईल.

तथापि, पुतळ्यावरचे यश हे अंतिम यश नव्हे. पुतळ्याला लाळ नसते, रक्त येत नाही, त्याची जीभ सुजत नाही आणि त्याचा प्राणवायूही घसरत नाही. पुतळ्यात सुरेख चालणारे साधन माणसात फसल्याची उदाहरणे या क्षेत्रात विपुल आहेत. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचेच पाहा. कॅनडातील शल्यविशारद जॉन पेसी यांनी २००१ च्या सुमारास पात्याच्या टोकाशी छोटा कॅमेरा बसविलेले साधन आणले. पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसू लागले. परंतु लवकरच ध्यानात आले की, दिसणे म्हणजे पोहोचणे नव्हे. अतिवक्र पात्याने वळणापलीकडचे दृश्य दिसते, पण नळीला त्या वळणावरून न्यायचे तर आत तसाच आकार दिलेली तार लागते आणि हाताला निराळा सराव लागतो. म्हणून चाचणीत केवळ ‘किती स्पष्ट दिसले’ हे मोजून चालत नाही. पहिल्याच प्रयत्नात नळी बसली का, किती वेळ लागला, दात वा ओठ दुखावला का, प्राणवायू किती उतरला, हे मोजावे लागते.

येथे गणिताचाही एक सापळा आहे. समजा, एखाद्या नव्या साधनाने ३० रुग्णांत ३० वेळा यश मिळाले. ऐकणाऱ्याला वाटते, शंभर टक्के! प्रत्यक्षात संख्याशास्त्र सांगते की, तीस प्रयत्नांत एकही अपयश न येऊनही त्या साधनाचे खरे अपयश दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. ३०० रुग्णांत एकही अपयश आले नाही तर ते एक टक्क्याच्या आत आहे असे विश्वासाने म्हणता येते. त्यातही खरोखर अवघड रुग्ण थोडेच असतात, म्हणून अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन संयमाने नोंदी ठेवणे अनिवार्य ठरते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपला तेवढी कसोटी द्यावी लागली. २०२२ साली २२२ अभ्यासांचा, २६ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि अपयशाचे प्रमाण या साधनाने घटते असा निष्कर्ष निघाला. २०२३ साली अमेरिकेत १,४१७ अत्यवस्थ रुग्णांवरील चाचणीत पहिल्या प्रयत्नातील यश जुन्या पात्याने ७०.८ टक्के, तर व्हिडिओ पात्याने ८५.१ टक्के आढळले. साधन जन्मल्यानंतर वीस वर्षांनी हे शिक्कामोर्तब झाले.

सद्भाव पुरेसा नसतो

या कसोटीचे महत्त्व न पटणाऱ्यांसाठी २०२० चा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. कोरोनाच्या साथीत रुग्णाला नळी घालताना डॉक्टरांवर तुषार उडतात, म्हणून तैवानमधील एका भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची पारदर्शक पेटी तयार केली आणि तिचा आराखडा जगाला विनामूल्य दिला. हेतू निर्मळ होता. काही आठवड्यांत जगभर, आपल्या देशातही, संस्था-कारखान्यांनी अशा पेट्या बनवून रुग्णालयांना भेट दिल्या. त्या पेट्यांमागे सेवाभाव होता, कष्ट होते. फक्त चाचणी नव्हती. नंतर ऑस्ट्रेलियात बारा भूलतज्ज्ञांनी पुतळ्यावर पद्धतशीर प्रयोग केला. पेटीमुळे नळी घालण्यास अधिक वेळ लागतो, हात अडखळतात, डॉक्टरांच्या संरक्षक बाह्याही फाटतात असे दिसून आले. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा साध्या पेट्यांना दिलेली आपत्कालीन परवानगी मागे घेतली.

यात पेटी घडविणाऱ्यांचा उपमर्द करण्याचे कारण नाही. परंतु बोध स्पष्ट आहे. रुग्णशय्येशी साधन नेताना सद्भाव ही पहिली अट असेल, अंतिम नव्हे. ‘स्वदेशी’ आणि ‘स्वस्त’ ही दोन विशेषणे आपल्याला प्रिय आहेत, ती प्रिय असावीतही. मात्र श्वास कोंडलेल्या माणसाला साधन कुठल्या देशात बनले हे कळत नाही. ते चालले की नाही, एवढेच त्याचे शरीर जाणते. खऱ्या स्वदेशीचा आदर्श म्हणून तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेकडे पाहावे. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे हृदयाची कृत्रिम झडप बनविताना तीन नमुने एकामागून एक अपयशी ठरले. संस्थेने अपयश झाकले नाही, घाईही केली नाही. चौथा नमुना सर्व कसोट्यांना उतरला, तेव्हाच डिसेंबर १९९० मध्ये पहिली झडप माणसाच्या हृदयात बसली. ती झडप हजारो रुग्णांना लाभली, ती स्वस्त होती म्हणून नव्हे, तर स्वस्त असूनही भरवशाची होती म्हणून.

महाराष्ट्रात काय शक्य आहे

आपल्या राज्यात या दिशेने पाया घातला गेला आहे. २०१४ साली राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. बी. रवी यांनी ‘बेटिक’ हे वैद्यकीय साधन-निर्मितीचे केंद्र उभारले आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची व्हीएनआयटी यांना त्यात जोडून घेतले. डॉक्टरने अडचण सांगावी, अभियंत्याने नमुना करावा, कारखानदाराने तो उत्पादनात आणावा आणि तो पुन्हा रुग्णशय्येशी यावा, असे हे वर्तुळ आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मुख-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांमुळे अवघड श्वासमार्ग ही नित्याची बाब आहे. तेथील डॉ. शीला नैनान मायात्रा व देशभरातील सहकाऱ्यांच्या परिश्रमातून २०१६ साली भारतीय परिस्थितीला अनुरूप अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. कायद्याची चौकटही आता स्पष्ट आहे. वैद्यकीय साधनांसाठीचे नियम जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय साधने नियंत्रणाच्या कक्षेत आली. नीतिसमितीची संमती आणि चाचणीची राष्ट्रीय नोंद यांवाचून आता माणसांवर प्रयोग करता येत नाही.

आयात केलेल्या नामांकित व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची किंमत लाखांत जाते. म्हणून भारतीय भूलतज्ज्ञांनी साध्या पात्याला नळ तपासण्याचा छोटा कॅमेरा जोडून, दृश्य संगणकावर वा मोबाईलवर पाहण्याचे प्रयोग केले आणि ते वैद्यकीय नियतकालिकांत मांडलेही. कल्पना चांगली आहे. परंतु तिला साधनाचा दर्जा द्यायचा तर उत्तरे हवीत. कॅमेऱ्याचे भिंग वाफेने धूसर होते का? तो निर्जंतुक कसा करायचा? त्याची कड जिभेला लागते का? वीज गेली तर काय? ग्रामीण रुग्णालयातील दमट पावसाळ्यात दोन वर्षांनी तो चालेल का? कोकणातला एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी या प्रश्नांपैकी एकाचेही पक्के उत्तर काढील तर ती खरी देशसेवा ठरेल.

आणि शेवटी हेही ध्यानात ठेवायला हवे की, साधन कितीही उत्तम असले तरी त्याच्या आधी शिस्त लागते. ब्रिटनमध्ये वर्षभरातील श्वासमार्गाच्या गंभीर घटनांची देशव्यापी पाहणी झाली आणि २०११ साली तिचा अहवाल आला. अतिदक्षता विभागातील अशा मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमध्ये उच्छ्वासातील कर्बवायू मोजणारे यंत्र न वापरणे कारणीभूत ठरले असावे, असे त्यात आढळले. नळी योग्य जागी आहे की नाही हे सांगणारे ते यंत्र. नवे पाते मागण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते आहे का, आणि असेल तर चालू आहे का, हे विचारणे नागरिकांच्या हातात आहे.

कुटुंबांच्या हातातही काही आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ प्रश्न विचारतो तेव्हा हलणारा दात, बसविलेली कवळी, घोरणे, तंबाखू-सुपारीची सवय, पूर्वी नळी घालताना झालेला त्रास हे काहीही लपवू नये. पूर्वी अडचण आली असेल तर त्या डॉक्टरांकडून तशी लेखी नोंद घ्यावी आणि ती चिठ्ठी घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. पुढच्या वेळी वेगळे शहर असेल, वेगळा डॉक्टर असेल, कदाचित रात्रीची वेळ असेल, आणि रुग्ण स्वत: बोलण्याच्या अवस्थेत नसेल. तेव्हा जगातील कोणत्याही साधनापेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडेल.